पोरं घरभर हसवतात तेव्हा आपण हसायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा पावणेचार वर्षांचा. पडद्यात नुसतं तोंड खुपसून उभा राहतो आणि म्हणतो मी लपलोय, 'मी जाते, मी खाते' असं बोलतो, तोंडाला साखर लागलेली असताना 'मी नाही खाल्ली' म्हणतो आणि एकच जोक सकाळपासून रात्रीपर्यंत सांगतो. घरातल्यांची हसून मुरकुंडी वळते, बाबा व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकतात, सासूबाई म्हणतात एवढं हसू नका शेफारेल, आणि मध्यंतरी पाहुण्यांसमोर सगळे हसले तेव्हा तो एकदम रडायलाच लागला. आता घरात लग्न आहे, सगळं गणगोत जमणार, तर त्याच्या बोलण्यावर हसायचं की नाही?

हसायचं, ताई. भरपूर हसायचं. माझं सगळं आयुष्य बालवाडीत अडीच ते सहा वर्षांच्या पोरांमध्ये गेलंय, आता नवीन बालवाडी-ताईंना शिकवते, आणि पहिली गोष्ट मी त्यांना हीच सांगते की ज्या वर्गात दिवसातून चार वेळा खळखळून हसू येत नाही तिथे काहीतरी बिघडलंय. पण एक फरक ओळखायला शिका, बाकी सगळं त्यातून आपोआप सुटतं. मूल आपल्याला हसवतं ते दोन प्रकारे. एक म्हणजे त्याला हसवायचंच असतं, तो त्याचा जोक असतो. दुसरं म्हणजे तो अगदी गंभीरपणे, पूर्ण विचार करून काहीतरी बोलतो किंवा करतो आणि आपल्याला मात्र हसू फुटतं. तुमच्या यादीतला जोक सोडला तर बाकी सगळं दुसऱ्या प्रकारातलं आहे. पाहुण्यांसमोर तो रडला तेव्हा तो त्याच्या मते अजिबात विनोद करत नव्हता, आणि अचानक दहा मोठी माणसं दात काढून आपल्याकडे बघतायत हे काय चाललंय ते त्याला कळेना. आपण ऑफिसात मनापासून काही सांगावं आणि अख्खी मीटिंग हसायला लागावी, तसं झालं त्याचं.

आता एकेक घेऊ, कारण तो असं का करतो हे कळलं की हसण्याची जातच बदलते.

लपण्याचं आधी. ही माझी सगळ्यात लाडकी गोष्ट आहे. लपाछपीत मोठी पोरं पलंगाखाली, कपाटामागे जातात आणि आपलं हे कच्चं लिंबू भिंतीकडे तोंड करून डोळे गच्च मिटून उभं, पाठ आणि पाय सगळे बाहेर, वर हसू दाबतंय. आपल्याला वाटतं याला एवढंही कळत नाही की आपण दिसतोय. पण त्याचा हिशोब वेगळा असतो. केंब्रिज विद्यापीठात जेम्स रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केलं, २०१२ मध्ये ते छापून आलं. तीन-चार वर्षांच्या मुलांचे डोळे झाकले आणि विचारलं, आता तू आम्हाला दिसतोस का? बहुतेक मुलं म्हणाली, नाही. मग विचारलं, तुझं डोकं दिसतं का, अंग दिसतं का, तर त्यातली बरीच हो म्हणाली! म्हणजे शरीर दिसतंय हे त्यांना माहीत असतं, पण 'मी' दिसायला नजरेला नजर मिळावी लागते असं त्यांना वाटतं. मला हे वाचल्यापासून पडद्यातलं पोर वेगळंच दिसायला लागलं. सहा-आठ महिन्यांच्या बाळाशी आपण पदर तोंडावर घेऊन 'बुवाऽऽ कुक' करतो ना, त्याचंच हे पुढचं पाऊल. तेव्हा बाळ शिकतं की चेहरा दिसेनासा झाला तरी आई गायब होत नाही, आता तो शिकतोय की मी कुणाला कधी दिसतो. म्हणून तो लपला की लगेच 'अरे दिसतोयस की' करू नका. 'कुठे गेला बरं, टोपलीत बघू, फ्रीजमध्ये बघू' करत घरभर फिरा. तो खुदखुदायला लागेल, तेव्हा तुम्हीही हसा, ते हसणं दोघांचं आहे.

'मी जाते, मी खाते' याची काळजी तर अजिबात करू नका. दिवसभर तो आईचं, आजीचं बोलणं ऐकतो, त्यामुळे 'मी' म्हटलं की पुढे 'जाते' येतं अशी त्याची पक्की समजूत झालेली असते, आणि घरात बायकांचा आवाज जास्त असेल तर हे हमखास होतं. उलटंही होतं, दादाच्या मागेमागे फिरणाऱ्या मुली 'मी जातो' म्हणतात. तसंच 'मी करलं', 'बाबा येला', 'मी पाणी पिलं'. मार-मारलं, पड-पडलं, मग कर-करलं का नाही? नियम शोधून काढलाय हो त्यानं, स्वतःचा स्वतः. अमेरिकेत जीन बर्को यांनी १९५८ मध्ये मुलांना एका कल्पनेतल्या प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला मनानंच रचलेलं नाव दिलं आणि विचारलं, असे दोन असले तर काय म्हणशील? जो शब्द जगात कुणी ऐकलेलाच नव्हता त्याचं अनेकवचन पोरांनी धडाधड केलं. म्हणजे मूल पोपटासारखं पाठ करत नाही, नियम ओळखतं. तेव्हा तो म्हणाला 'आई मी चित्र करलं' तर तुम्ही म्हणायचं, 'अरे वा, तू चित्र केलंस! कुणाचं केलंस?' बस. 'करलं नाही, केलं म्हण, परत म्हण' हे करू नका आणि हसून चार जणांना ऐकवूही नका, नाहीतर काही पोरं बोलणंच कमी करतात आणि काही मुद्दाम तेच चुकीचं धरून ठेवतात कारण त्याच्यावर टाळ्या मिळतात. 'जाते'चं 'जातो' सहसा शाळेत मित्र झाले की न सांगता होतं. पावणेचार वर्षांचं मूल बोलतं त्यातलं बरंचसं परक्या माणसालाही कळत नसेल, किंवा दोन वर्षांचं होऊनही मूल दोन शब्द जोडत नसेल, तर ते मात्र बोबडं म्हणून हसण्यावारी नेऊ नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा रुग्णालयांत लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींसाठी 'डीईआयसी' नावाचं केंद्र असतं, तिथे चौकशी करा. तुमच्या वर्णनावरून तुमच्या मुलाला त्याची गरज दिसत नाही.

आता साखर. यावर मला जरा सविस्तर लिहायचंय कारण 'खोटं बोलायला लागला' म्हणून आयांना फार धक्का बसतो.

साडेतीनपर्यंतच्या बहुतेक मुलांना गुपित ठेवता येत नाही. आमच्या वर्गातली एक मुलगी आईच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शाळा सुटताना धावत गेली आणि म्हणाली, 'आई, तुला साडी आणलीय, निळी आहे, तुला सांगायचं नाहीये!' तिच्या लेखी तिनं शब्द पाळला होता. कारण मला जे माहीत आहे ते आईला माहीत नसू शकतं, हे त्या वयात डोक्यात नीट बसलेलं नसतं. १९८३ मध्ये विमर आणि पर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी यावर एक सुंदर गोष्ट वापरली. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, आई ते दुसऱ्या कपाटात हलवते, तो परत आला की आधी कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं सांगतात दुसऱ्या कपाटात, कारण चॉकलेट तिथे आहे ना! चार-पाचच्या आसपास मुलं सांगायला लागतात की नाही, पहिल्या कपाटात, कारण त्याला कुठे माहितीये. तुम्ही घरी करून बघा, दोन वाट्या आणि एक लाडू पुरेसा आहे. फक्त परीक्षा म्हणून नको, गोष्ट म्हणून करा, आणि शेवटी लाडू द्या.

तर 'मी नाही खाल्ली' म्हणण्यासाठी आईच्या डोक्यात काय आहे आणि त्यात आपण वेगळं काही घालू शकतो, एवढं कळावं लागतं. तुमच्या मुलाला ते कळायला लागलंय. फक्त तोंडावरची साखर आईला दिसतेय हे अजून त्याच्या हिशोबात आलेलं नाही, तेही येईल! चार्ल्स डार्विननं आपल्या पहिल्या मुलाच्या बाळपणाच्या नोंदी ठेवल्या होत्या आणि १८७७ मध्ये त्यावरून एक लेख छापला. त्यात हेच आहे, साखरच. पोरगा दोन वर्षं साडेसात महिन्यांचा, जेवणाच्या खोलीतून बाहेर येताना डोळे भलतेच चमकतायत, चालणं काहीतरी विचित्र. बघितलं तर साखर घेतली होती, जी घेऊ नको असं सांगितलेलं. आणि पंधरा दिवसांनी तोच त्याच खोलीतून येतोय, अंगावरचा एप्रन गुंडाळून त्याच्याकडे बघत. डार्विन विचारतो यात काय आहे, तर पोरगा म्हणतो काही नाही, आणि बापालाच पुन्हा पुन्हा सांगतो 'तू जा इथून'. एप्रनवर लोणच्याच्या रसाचे डाग! मी पालकसभेत हे सांगते तेव्हा सगळे मोकळे होतात. डार्विननं असंही लिहिलंय की या मुलाला कधी शिक्षा केलेली नव्हती, त्याच्या चांगल्या भावनांना हात घालूनच त्याला वाढवलं, आणि तो लवकरच अगदी खरं बोलणारा, मोकळा झाला.

म्हणून साखर दिसत असताना 'तू खाल्लीस का?' हा प्रश्नच विचारायचा नाही. उत्तर तुम्हाला माहीत आहे, मग त्याला खोटं बोलायची संधी कशाला द्यायची. सरळ म्हणा, 'साखर खाल्लेली दिसतेय, चल तोंड धुऊ आणि सांडलेली पुसू, मुंग्या येतील.' आवाज नेहमीचा. हसू आलं तर सिंकवर जाऊन हसा, किंवा तोंड धुताना दोघं मिळून आरशात बघून हसा, ते चालतं. पण 'बघा बघा कसा खोटं बोलतो, तोंडाला साखर' असं सगळ्यांना बोलावून हसलात तर त्याला दोन गोष्टी एकदम कळतात की हे वाईट आहे आणि हे सगळ्यांना आवडतं, आणि पोर पार गोंधळतं.

अशा शंभर गोष्टी आहेत, सगळ्या लिहीत बसले तर संपणार नाही. सकाळी उठून 'आज उद्या आहे का?' विचारणं. फोनवर आजोबांनी विचारलं जेवलास का की नुसती मान हलवणं. पापड मोडला म्हणून 'जोड' करून रडणं आणि पोळीचे मात्र चार तुकडे केले की 'मला चाआआर' म्हणून खूश होणं, कारण सहा-सात वर्षांपर्यंत तुकडे जास्त म्हणजे खाऊ जास्त असंच बहुतेकांना वाटतं. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं जगभर प्रसिद्ध केलेली गोष्ट आहे ती, त्यानंही स्वतःच्या तीन मुलांकडे वर्षानुवर्षं बघूनच बरंच काही शोधलं. गणपती विसर्जनाच्या वेळी आमच्या एका विद्यार्थ्यानं वडिलांना विचारलं, बाप्पाच्या नाकात पाणी जाईल तर त्याचं नाक एवढं लांब, किती जाईल? बापानं हसू आवरून त्याला खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, बाप्पा सोंड वर धरतो. पोरानं घाटावर उभं राहून ओरडून बाप्पाला सांगितलं, 'सोंड वर धर रेऽऽ'. त्या वडिलांचं मला फार कौतुक वाटलं. तिथे ज्ञान पाजळायची काही गरज नव्हती.

आणि बालवाडीतल्या पोरांना आपली ताई भाजीमंडईत दिसली की होणारा चेहरा! त्यांच्या मते आम्ही शाळेतच राहतो. एकानं मला विचारलं होतं, ताई तू रात्री झोपतेस ते गादी कोण घालतं, मावशी का?

आता त्याचा तो जोक, जो दिवसभर चालतो. इथे मात्र त्याला हसवायचंच आहे, तेव्हा इथे हसणं हा त्याचा हक्क आहे. बाळ दीड-दोन महिन्यांचं असताना आपल्याकडे बघून हसतं, तीन-चार महिन्यांत आवाज काढून हसतं, आणि वर्ष-दीड वर्षात स्वतः विनोद करायला लागतं, चप्पल डोक्यावर ठेवून बघतं आपण हसतो का. दोन-तीनला मुद्दाम चुकीचं नाव घेतं, कुत्र्याला 'म्याऊ' म्हणतं. कारण उघड आहे, कुत्रा भू-भू करतो हे पक्कं माहीत झाल्याशिवाय त्यात गंमत येत नाही. तेच तेच परत सांगतो कारण एका वाक्यानं आई हसते ही ताकद त्याला नवीन सापडलीय. पहिल्यांदा मनापासून हसा, दुसऱ्यांदा हसा, मग म्हणा 'आता माझी पाळी' आणि तुम्ही एक वेडगळ काहीतरी सांगा. आज बटाट्याला आंघोळ घालून शाळेत पाठवूया का, वगैरे. त्याच्या जोकात शी-शू असेल (साडेतीन-चारला असतंच, नुकतंच संडासला सांगायला शिकलेलं असतं आणि त्या शब्दानं मोठी माणसं दचकतात हे कळलेलं असतं) तर रागवू नका, दचकूही नका, 'हा जोक बाथरूममधला, तिथे सांग' एवढंच.

हीच गोष्ट तुम्ही कामालाही लावू शकता. सकाळी रिक्षा दारात येते आणि हा पँट घालत नाही, तेव्हा तुम्ही त्याची पँट स्वतःच्या हातात घालायचा प्रयत्न करा आणि गंभीरपणे म्हणा, 'ही माझी बाही घट्ट का झाली?' तो ओरडेल 'वेडी, ती माझी पँट आहे!' आणि घालून दाखवेल. आमच्या ताई हे रोज करतात. चार वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाची चूक दुरुस्त करण्यात जो आनंद असतो तसा खाऊत पण नसतो.

सासूबाईंचं म्हणणं अगदी टाकून देऊ नका. हसण्यानं मूल शेफारत नाही, पण घरातल्या हसण्यानं ते काय शिकतं याकडे लक्ष ठेवलंच पाहिजे. आजोबांचा चष्मा फेकला, बहिणीचे केस ओढले, आत्याला 'जाडी' म्हणाला, अशा वेळी चारजण हसले आणि आईनं रागवलं तर आईचं काही चालत नाही. तिथे सगळ्यांनीच तोंड आवळायचं, आणि हे घरात आधी बसून ठरवायचं.

सासूबाईंना आणि सगळ्याच वडीलधाऱ्यांना माझी मात्र एक हात जोडून विनंती आहे. 'तुला बोहारणीकडून जुन्या साड्या देऊन घेतलंय', 'आता नवीन बाळ आलं की तुला आत्याकडे देऊन टाकणार', 'आई गेली, आता येणारच नाही' ही थट्टा करू नका. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या ही थट्टा चालत आलीय आणि करणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं, मला माहीत आहे. पण तोंडानं एक म्हणायचं आणि मनात दुसरं, हे मुलांना पाच-सहा वर्षांनंतर हळूहळू उमगायला लागतं. चार वर्षांच्या मुलाला ते जसंच्या तसं खरं वाटतं. त्याचा ओठ थरथरायला लागतो आणि लोक म्हणतात 'अगं बाई, रडवेला झाला, किती गोड!' मी अशी मुलं दुसऱ्या दिवशी वर्गात बघितलीयेत, आईचा ओढणीचा पदर सोडत नाहीत, कुणाला कारण कळत नाही. भूताची, पोलिसाची भीती दाखवून काढलेल्या व्हिडिओचंही तेच.

व्हिडिओवरून आठवलं. बाबांना सांगा, काढा, जरूर काढा, पण ग्रुपवर टाकायच्या आधी त्याला दाखवा आणि विचारा, 'मावशीला पाठवू?' पावणेचार वर्षांचं मूल याचं उत्तर देऊ शकतं. नाही म्हणाला तर नाही. आंघोळीचे, पॉटीवरचे आणि रडण्याचे व्हिडिओ विचारायचे पण नाहीत, टाकायचेच नाहीत. त्यापेक्षा एक साधी वही घ्या, तारीख आणि वय घाला, आणि तो बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा, 'करलं' असेल तर 'करलं'च लिहा, दुरुस्त करू नका. व्हिडिओत तुमचं हसणं जास्त ऐकू येतं, वहीत त्याचा विचार राहतो. आणि लवकर लिहा, कारण हे शब्द चार-सहा महिन्यांत जातात आणि आई-बाबांना ते कधी गेले तेही आठवत नाही.

आता लग्न. तिथे नक्की कोणीतरी म्हणणार, 'ए, ते तू कसं म्हणतोस ते म्हणून दाखव ना.' मोठ्यांना मांडवात आडवू नका, त्यांचा मूड जाईल आणि तुम्हालाच ऐकावं लागेल. तुम्ही त्याच्या उंचीला खाली बसा, हात त्याच्या पाठीवर ठेवा आणि हसत म्हणा, 'त्याला आत्ता सांगायचंय का त्यालाच विचारूया.' त्याला गर्दी आवडली आणि तो स्वतःहून सुटला तर खुशाल सांगू दे, हसू दे सगळ्यांना. तो तुमच्या मागे गेला, बोटं तोंडात घातली, किंवा हसणाऱ्यांकडे न बघता फक्त तुमच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, तर समजा नको आहे, आणि विषय बदला, 'चल आपण घोडा बघून येऊ.' दोन-तीन जवळच्या माणसांना, विशेषतः त्याच्या लाडक्या मावशीला आणि काकाला, आधीच फोनवर सांगून ठेवा की त्याला काही म्हणून दाखवायला लावू नका, त्याऐवजी त्याच्याशी लपाछपी खेळा. मांडवात पडदे भरपूर असतात.